फोटो कोण बघणार?

२४ एप्रिल २०१६, रविवार. उद्या सकाळी दुकानात पाचशे लिटरची टाकी येणार आहे. ती ठेवायची तर मागच्या खोलीतलं लोखंडी कपाट बाहेर काढावं लागेल. नळाला पाणी येऊन किती दिवस झाले ते मोजायचं मी सोडून दिलं आहे. लातूरला रेल्वेनं पाणी येतंय, ते आमच्या गल्लीपर्यंत पोचेल तेव्हा भरून ठेवायला काहीतरी पाहिजेच. म्हणून आज झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, ऑनलाईन फॉर्म सगळं बंद ठेवून कपाट रिकामं करायला बसले.

कपाटात पैठणी असायचं कारण नाही. लिफाफे आहेत. खाकी, पिवळे, कोपरे झिजलेले, शेकड्यांनी बांधलेले लिफाफे, आणि प्रत्येकात एक निगेटिव्ह. खालच्या कप्प्यात बिस्किटाचा पत्र्याचा डबा, डब्यात तीन लेन्स, तीन रंगांच्या खणाच्या तुकड्यांत गुंडाळलेल्या. पन्नास मिलिमीटरची हिरव्यात, पंच्याऐंशी लालमध्ये, एकशे पस्तीस पिवळ्यात. डबा उघडला आणि दुपार वाया गेली.

हे सगळं मालकांचं. मालक म्हणजे दुकानाचे मालक, माझा नवरा नव्हे. हे आधीच सांगते, कारण आमच्याकडं बाईमाणसानं ‘मालक’ म्हटलं की ऐकणारा भलतंच समजतो. मी वीस वर्षांची असताना त्यांच्या स्टुडिओत लागले. ड्रॉइंगच्या दोन परीक्षा पास झाले होते, म्हणून निगेटिव्हवर पेन्सिल फिरवायला आणि फोटो धुवायला ठेवलं. पुढं फोटोही काढू लागले. दुकानात कॅमेऱ्याला हात लावणारे दोघंच, ते आणि मी.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. नवा जिल्हा म्हणजे नवी कचेरी, नव्या खुर्च्या, नव्या भरत्या, आणि प्रत्येक अर्जाला तीन फोटो. गावोगावची पोरं एसटीनं यायची आणि स्टँडवरून सरळ फोटोवाल्याकडं. समोरच्या गल्लीतला फोटोवाला स्टुलावर बसवायचा, ‘हलू नको’ म्हणायचा, उठवायचा. दिवसाला साठ-सत्तर डोकी. आमच्याकडं पंधरा झाली की मालक दमायचे, कारण आमच्याकडं आधी चौकशी व्हायची.

“फोटो कोण बघणार?”

“साहेब.”

“कोणते साहेब?”

“ते काय म्हाईत? कारकून बघल.”

“किती लांबून?”

“आता त्याला काय ठावं, मालक! खिडकीतून बघल न् फेकल आत.”

“म्हणजे खिडकीच्या अलीकडं तुम्ही, पलीकडं तो. साडेचार-पाच फूट. सहा धरू. बसा.”

आमच्या स्टुडिओच्या शहाबादी फरशीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं तीन रेघा ओढलेल्या होत्या, अजून आहेत. स्टुलापासून साडेतीन फुटांवरच्या रेघेवर लिहिलं होतं ‘आई’. सहा फुटांवर ‘साहेब’. नऊ फुटांवर ‘सोयरे’. फोटो घरच्यांसाठी असेल तर कॅमेरा ‘आई’वर, अर्जासाठी असेल तर ‘साहेब’वर, आणि स्थळासाठी मुलीचा फोटो असेल तर ‘सोयरे’वर, कारण बघायला आलेले पाहुणे सतरंजीवर साधारण तेवढ्या लांब बसतात. एकदा रेघ ठरली की मगच लेन्स. ‘आई’ला पन्नास, ‘साहेब’ला पंच्याऐंशी, ‘सोयरे’ला एकशे पस्तीस.

बाकीचे फोटोवाले आधी लेन्स निवडायचे आणि मग पुढंमागं सरकायचे. मालकांना ते ऐकूनच कापरं भरायचं. “लेन्स म्हणजे दाराची चौकट,” ते म्हणायचे. “चौकट बदलली म्हणून अंगण जवळ येत नाही. चेहरा बदलतो तो तुम्ही कुठं उभे राहता त्यानं.” तोंडाजवळ जाऊन काढलं की नाक पुढं येतं, कपाळ मागं पळतं, कान दिसेनासे होतात. लांबून काढलं की सगळं आपापल्या जागी बसतं. आणि माणूस आपल्याला ज्या अंतरावरून रोज बघतो, त्याच अंतरावरून काढलेला फोटो त्याला आपला वाटतो. हे त्यांचं म्हणणं खरं होतं. पण रांगेत वीस माणसं उभी असताना खरं असून काय उपयोग?

माणसांनाही ते लेन्सनंच ओळखायचे. पिठाच्या गिरणीवाला एकशे पस्तीसचा माणूस, लांबून बरा. मला म्हणायचे, “बाई, तुम्ही पन्नासच्या. लोकांच्या एकदम तोंडावर जाता.” बोलता बोलता समोरच्याचा चेहरा नीट दिसावा म्हणून ते एकेक पाऊल मागं सरकायचे. या सवयीपायी दोनदा नालीत पडले. दुसऱ्यांदा मी हात द्यायला गेले नाही. आधी गल्ल्यावरचं गिऱ्हाईक उरकलं.

एकदा कचेरीतले एक मोठे साहेब स्वतः आले. भिंतीवर लावायला त्यांना स्वतःचा मोठा फोटो हवा होता. हे काम मिळालं असतं तर कचेरीची सगळी ओळखपत्रं आमच्याकडं आली असती. मी सकाळपासून सतरंजी झटकून ठेवली होती, चहा सांगून ठेवला होता.

“साहेब, फोटो कोण बघणार?”

“कोण म्हणजे? लोक. भिंतीवर लागणार आहे, सात-आठ फूट उंच.”

“म्हणजे लोक खालून बघणार,” असं म्हणून मालक फरशीवर पालथे पडले आणि त्यांनी तिथून फोटो काढला. फोटोत साहेबांच्या नाकपुड्या एवढ्या स्पष्ट आल्या की त्यात पेन्सिल ठेवता आली असती. ओळखपत्रं समोरच्या गल्लीत गेली.

“तुम्हाला धंदा करायचाय की काय करायचंय?” मी विचारलं.

“त्यांनी सांगितलं तेच केलं,” मालक म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, पण ओळखपत्रांचं नव्हे. भिंतीवरच्या फोटोला कोणती लेन्स लावायला हवी होती, याचं.

प्रत्येक लिफाफ्यावर त्यांनी पाच रकान्यांचा शिक्का मारून घेतला होता. नाव. बघणारा. अंतर. लेन्स. काढणारा. पाचही भरल्याशिवाय निगेटिव्ह कपाटात जायचं नाही. काढणाऱ्याच्या रकान्यात ते असतील तर ते, मी असेन तर मी. मला तेव्हा वाटायचं, माझी चूक पकडायलाच तो पाचवा रकाना आहे.

त्यात दुष्काळ. फोटो छापून झाला की कागदातलं औषध पाण्यानं धुवून काढावं लागतं, नाहीतर पुढं फोटोला डाग पडतात आणि तो पिवळा होतो. डाळ मिलच्या बोअरवरून रोज चार घागरी मी आणायचे, त्यातल्या अडीच कागद प्यायचा. एका ट्रेमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, आणि दर वेळी नवं पाणी. त्या औषधाच्या पाण्याचा दुसरा काही उपयोग नाही, झाडालासुद्धा घालता येत नाही. शेजारची शांताबाई दारात उभी राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायची, “बगा की! आमची लेकरं चार दिस बिगर आंघोळीची, आन ह्येंचा मालक फोटूला तीन-तीनदा न्हाऊ घालून राहिला!”

मला शांताबाईचं पटायचं. मी म्हटलं, “दोन पाण्यांत काढू या.”

“पाच-दहा वर्षांत पिवळा पडेल.”

“पडू दे. अर्जावरचा फोटो दहा वर्षं कोण बघतंय?”

“ते आपल्याला काय माहीत?” मालक म्हणाले. “दुष्काळात लेन्सला बुरशी धरत नाही, एवढं एकच सुख आहे. बाकी सोसावंच लागतं.” पाणी मी वाहत होते, सोसत हे होते.

अशा दिवसांत गयाबाई आली. मालक कागद आणि औषधं आणायला हैदराबादला गेले होते, दोन दिवस यायचे नव्हते. दुकानात भरतीची पोरं कोंबलेली. त्यांच्यातून वाट काढत ही साठीची, काटक, वाळलेल्या शेंगेसारखी बाई पुढं आली आणि गल्ल्यावर एक फॉर्म ठेवला. स्वातंत्र्यसैनिकाच्या पेन्शनचा. निजामाच्या वेळी ती सरहद्दीपलीकडच्या, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या कॅम्पवर भाकरी पोचवायची. तिच्या बाजूनं सांगणारे दोघं होते. एक, ज्यांनी तिला या कामाला लावलं होतं, ते वारले. उरले ते त्यांनीच नाव सांगितलेले नांदेडचे एक गुरुजी, तेव्हा कॅम्पवर असलेले, आता अंथरुणाला खिळलेले. फॉर्म फोटोसकट त्यांच्याकडं जाणार, त्यांनी ‘ओळखतो’ म्हणून सही केली की काम झालं.

“लवकर काढ माय,” ती म्हणाली. “साडेचारची गाडी गेली की मग गाडी न्हाई.”

मी काहीही विचारलं नाही. व्होल्टेज पडलं होतं, दिव्यांचा उजेड मिणमिणता. ‘साहेब’च्या रेघेवरून अंधार आला असता. म्हणून दिवे तिच्या तोंडाशी ओढले, पन्नास लावली, कॅमेरा घेऊन ‘आई’च्याही अलीकडं गेले आणि बटण दाबलं. पुढचा. धुतलाही दोन पाण्यांत. चारला तिच्या हातात ओले फोटो ठेवले. लिफाफ्यावर फक्त नाव लिहिलं आणि निगेटिव्ह आत टाकलं. बाकीचे रकाने मालक यायच्या आत भरीन म्हटलं. राहून गेलं.

महिन्याभरानं गयाबाई परत आली. फॉर्म हातात. मालक समोरच बसले होते.

“गुरुजींनी काय लिव्हलंय वाचा,” ती म्हणाली.

मालकांनी वाचलं. वळणदार अक्षर होतं. ‘सदर फोटोतील बाईंना मी ओळखत नाही.’

“पेन्शन गेली तर जाऊ द्या,” गयाबाई म्हणाली. “खाऊन-पिऊन हाय मी. पर गावात लोकं काय म्हनून राहिले? म्हनतात, म्हातारी पैशापायी खोटं बोलली. माझी सून म्हनली, ‘आत्याबाई, तुमी खरंच गेलत्या का?’ सून इचारती! एवढ्या राती मी त्या वाटंनं गेले, पायात काटे मोडले, आन आता तो मानूस म्हनतो मी न्हवतेच.”

मालकांनी फोटो उजेडात धरला. बराच वेळ बघितला.

“नाक कुणी मोठं केलं?” त्यांनी विचारलं.

“लाईट कमी होती,” मी म्हटलं.

ते पुढं काही बोलले नाहीत. बोलले असते तर मीही बोलले असते. माझ्याकडं उत्तरं तयार होती. गर्दी होती, गाडीची वेळ होती, तुम्ही नव्हता. त्यांनी एकही वापरू दिलं नाही. गयाबाईकडं वळले.

“बाई, हा फोटो कोण बघणार?”

“गुरुजी. सांगितलं की.”

“त्यांनी तुम्हाला तेव्हा किती लांबून बघितलं होतं?”

मला वाटलं, आता ही बाई दोघांनाही शिव्या देऊन निघून जाणार. पण ती थांबली. विचार करायला लागली. मग दाराबाहेर रस्त्यापलीकडं हात केला. “त्या मिलच्या भितीपस्तोर आसंल. मधी नाला व्हता. मी अलीकडं भाकरीची पाटी ठेवायची आन मागं सरायची. मग त्ये पलीकडून यायचे, भाकरी घ्यायचे. जवळ यायचं न्हाई, नाव सांगायचं न्हाई. कुनी धरलं तर एकमेकाची नावं भाईर पडू न्हाई म्हनून.”

“कधीच जवळून नाही बघितलं?”

“कवाच न्हाई.”

मालकांनी माझ्याकडं बघितलं नाही. ते डब्यातली पिवळी पुरचुंडी सोडत होते. “वेळ कोणती असायची?”

“दिस बुडताना जायची. येताना रात व्हायची.”

“मग दिवस बुडू द्या,” मालक म्हणाले.

दुपारचे दोन वाजले होते. मी म्हटलं, “यांची गाडी साडेचारची आहे.”

“आज माझ्या घरी राहतील.”

“फॉर्मला तोंडाचा फोटो लागतो. पाटी घेऊन उभ्या बाईचा नाही.”

“फॉर्मला तोही काढू. नीट, ‘साहेब’वरून. हा गुरुजींना.”

“मग यांनाच नांदेडला का नेत नाही? समोर उभं केलं की काम झालं!”

हे गयाबाईनंच उडवून लावलं. “ज्यानं न्हाई म्हनलं त्याच्या दारात मी जात न्हाई. लेकी, तू गेली असतीस का?”

मी गेले असते. पण हे बोलायची सोय नव्हती.

संध्याकाळी डाळ मिलमधून एक पाटी, डाळ वाहायची टोपली, आणली. गयाबाईला मिलच्या भिंतीजवळ उभं केलं. मालक आमच्या पायरीवर, मध्ये अख्खा रस्ता. सायकली, हातगाड्या, घरी निघालेले हमाल, सगळे थांबले. कुणीतरी ओरडलं, “शिनिमा चाललाय का?” शांताबाई म्हणाली, “एवढ्या लांबून काढून राहिले, ह्येंना दिसतंय तरी का?” गयाबाई पाटी डोक्यावर घेऊन अवघडून उभी होती, हमालांनी हसू नये म्हणून तोंड वाकडं करून. मालक थांबले. बटण दाबेनात. तिची मान दुखायला लागली. ती वैतागली. तिनं पाटी खाली ठेवली, कमरेवर हात दिला, डाव्या पायावर जोर टाकून दोन पावलं मागं सरली आणि इकडं बघायला लागली, आता काय म्हणून.

मालकांनी तेव्हा काढला.

त्या रात्री मोठ्या कागदावर फोटो छापला. कागद एवढा मोठा आणि त्यात बाई चार बोटं उंचीची. घागरीत पिण्याचं तेवढंच पाणी उरलं होतं. मालकांनी मला काही सांगितलं नाही. मी स्वतःच घागर उचलली आणि तो कागद सहा पाण्यांत धुतला. आम्ही तिघंही त्या रात्री दुकानातून तहानलेले निघालो. गयाबाई फोटो बघून म्हणाली, “एवढ्या मोठ्या कागदावर मी एवढीशी? ह्येचे पैसे कमी घ्या.”

दोन दिवसांनी मालक नांदेडला निघाले आणि मला म्हणाले, “बाई, तुम्हीही चला.” का ते सांगितलं नाही. एसटीत खिडकीजवळ बसून, दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधलेला फोटो मांडीवर, ते तिकिटाच्या मागं पेन्सिलीनं काहीतरी आकडेमोड करत होते. अहमदपूर गेलं, लोहा आलं, बाहेर सगळीकडं काळी, भेगाळलेली रानं. त्यांचं तिकिटावर चालूच.

“चार फूट,” शेवटी म्हणाले.

“काय चार फूट?”

“हा कागद चार फुटांवरून बघायचा. म्हणजे ती बाई डोळ्याला तेवढीच दिसेल, जेवढी नाल्यापलीकडून दिसायची.”

मी खिडकीबाहेर बघितलं. मला दोन दिवसांचे फोटो मागं पडलेले दिसत होते.

गुरुजी घरात खाटेवर पडलेले होते. फॉर्मचं नाव काढताच चिडले. “एकदा लिहून दिलं ना? मी खोटी सही करत नाही. आजवर अशा तिघांना परत पाठवलंय.”

“नका करू,” मालक म्हणाले. “फक्त हा फोटो बघा.”

गुरुजींनी फोटोसाठी हात पुढं केला. मालकांनी दिला नाही तो नाहीच. खिशातून टेप काढली, तिचं टोक माझ्या हातात दिलं. “बाई, हे गुरुजींच्या डोळ्याजवळ धरा.”

परक्या घरात, परक्या म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्याशी मी टेपचं टोक धरून उभी राहिले. त्यांची सून दारात पदर तोंडाला लावून हसत होती.

“ही काय चेष्टा आहे? द्या इकडं तो कागद!”

“चार फूट, गुरुजी. जवळ घेऊ नका.”

“माझ्या घरात मला शिकवता का?”

“हाव,” मालक म्हणाले.

गुरुजींनी चकित होऊन हात मागं घेतला. बघितलं. डोळे बारीक केले. “उजेड नाही,” म्हणाले. मग मी, सून आणि मालक अशा तिघांनी खाट अंगणात ओढली. परत टेप. परत चार फूट. वाऱ्यानं मालकांच्या हातातला कागद हलत होता. मी म्हटलं, “मी धरते.” टेप त्यांना दिली आणि फोटो मी धरला. म्हणून गुरुजींचा चेहरा मला समोरून दिसला. अंतर चार फूट.

“ही...” गुरुजी म्हणाले. मग, “ही पाटी ठेवून मागं सरायची. अशीच. डाव्या पायावर.” त्यांनी खाटेवर पडल्या पडल्या कमरेवर हात ठेवून दाखवला. “आम्ही नाला ओलांडेपर्यंत जायची नाही. भाकरी उचलली की वळायची. आम्ही तिला पाटीवाली म्हणायचो. हिचं नाव काय?”

“गयाबाई.”

“गयाबाई,” ते म्हणाले. “जिवंत आहे? मला कधी नाव माहीतच नव्हतं हो.” मग त्यांनी सुनेकडून पेन मागून घेतलं. लिहिता लिहिता थांबले. “मग तो पहिला फोटो कुणाचा होता?”

“तोही त्यांचाच,” मालक म्हणाले. “आमच्या दुकानात चुकला.”

ते टेप गुंडाळत होते. मी अंगणातल्या तुळशीकडं बघत होते. तिला पाणी नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं, ‘मी काढला.’ दोन शब्दांचं. मी बोलले नाही.

परतीच्या गाडीत मी वाट बघत होते. आता बोलतील, आता बोलतील. लोह्याला चहा प्यायलो तरी नाही. अहमदपूर सुटल्यावर म्हणाले, “बाई, पन्नास हिरव्या कापडात बांधत जा. मी हैदराबादहून आलो तेव्हा लालमध्ये होती.”

“बरं,” मी म्हटलं.

एवढंच. पुढं त्यांच्याकडं मी अकरा वर्षं काम केलं, पण हा विषय परत निघाला नाही. रंगीत फोटो आले, कागद धुवायचं काम मशीनवर गेलं. मालक म्हणाले, “आता माणूस कुठंही उभा राहून काढतो,” आणि हैदराबादला मुलीकडं निघून गेले. दुकान मी चालवायला घेतलं. ते वारल्याचं पत्र आलं तेव्हा मार्चएंड होता, जाणं झालं नाही. गयाबाईची मंजुरी यायला बरेच दिवस लागले, पण आली. त्याआधी गुरुजींचं पत्र गावच्या पारावर मोठ्यानं वाचून झालं होतं, आणि तिच्या मते खरं काम तिथंच झालं. नंतर एकदा ती दुकानात डोकावून गेली. सुनेला घेऊन आली होती, तो रस्ता दाखवायला.

तर आज कपाटातल्या गठ्ठ्यात, फॉर्मच्या नव्या फोटोच्या लिफाफ्याखाली, तिचे आणखी दोन लिफाफे निघाले. एक मोठ्या फोटोचा, पाचही रकाने भरलेले. बघणारा: गुरुजी. अंतर: रस्ता. लेन्स: एकशे पस्तीस. काढणारा: त्यांची सही. दुसरा त्या पहिल्या फोटोचा. नाव माझ्या अक्षरात, घाईचं. बाकी मालकांच्या अक्षरात. बघणारा: विचारलं नाही. अंतर: अडीच फूट. लेन्स: पन्नास.

अडीच फूट कसं कळलं? नाकावरूनच काढलं असणार.

पाचवा रकाना कोरा. या कपाटातला दुसरा एकही लिफाफा असा नाही. मी सगळे बघितले, संध्याकाळपर्यंत बघितले. आणि मला राग आला. एवढं सगळं लिहिलं होतं तर तेवढंही लिहून टाकायचं. नाहीतर तोंडावर बोलायचं. मी त्या कपाटात रोज हात घालत होते. त्यांना वाटलं असेल, आज ना उद्या बाईंच्या हाताला लागेल. माणसानं किती वाट बघावी याला काही मोजमाप?

लिफाफा गल्ल्यावर ठेवला आणि घरी आले.

२५ एप्रिल, सोमवार. टाकीवाला सकाळी आठ म्हणाला होता, मी साडेसातलाच शटर उघडलं. गल्ल्यावरचं पेन वाळलेलं होतं, दोनदा झटकलं, मग उमटलं. पाचव्या रकान्यात माझं नाव लिहिलं, पूर्ण, आडनावासकट. दोन्ही लिफाफे एकत्र रबर लावून वरच्या कप्प्यात ठेवले आणि कपाटाला कुलूप घातलं. तेवढ्यात टेम्पो आला. दोन माणसांनी कपाट उचललं आणि पुढच्या खोलीत, स्टुडिओत आणून विचारलं, “काकू, कुठं ठेवायचं?”

“‘सोयरे’वर,” मी म्हटलं. “आता त्याच्याकडं जरा लांबून बघायचंय.”

ते कपाट हातात धरून माझ्याकडं बघत राहिले.

“तिथं, खाली बघा, ती पांढरी रेघ आहे ना? तिथं.”